"फुल्ली रिस्टोअर्ड" टर्नटेबल आणि पुलीवरची काळी टेप

जुनं टर्नटेबल (रेकॉर्ड प्लेअर) स्वस्तात मिळतंय म्हणून कोणी घ्यायच्या विचारात असेल तर हे आधी वाचा, मग पैसे पाठवा. माझे गेले आहेत, परत येतील असं वाटत नाही.

मशीन सत्तरच्या दशकातलं, बेल्ट ड्राइव्ह (मोटर बेल्टने तबकडी, म्हणजे रेकॉर्ड ठेवायची थाळी, फिरवते), युरोपियन बनावटीचं, लाकडी व्हिनिअरची बॉडी, दिसायला एकदम झकास. जाहिरातीत "फुल्ली रिस्टोअर्ड, नवीन बेल्ट, नवीन सुई, मोटर सर्व्हिस केलेली" वगैरे वगैरे, आणि मागितलेले पैसे बाजारभावाच्या निम्म्याहून कमी. बरं एवढं स्वस्त का विचारलं तर म्हणे घर बदलतोय, जागा नाही. व्हिडिओ मागितला तर लगेच पाठवला, तबकडी फिरतेय, आवाज स्वच्छ, बोलायला माणूस गोड, प्रत्येक वाक्याला "सर". फक्त पैसे जाहिरातीच्या अ‍ॅपमधून नको, डायरेक्ट पाठवा, त्यांचं कमिशन वाचेल ते तुम्हाला डिस्काउंट देतो म्हणाला. हे कोणी म्हटलं की समजा की माल मिळाल्यावर तक्रार करायचा तुमचा रस्ता तो आधीच बंद करतोय, कारण बाहेरून दिलेल्या पैशाला अ‍ॅपवाले हात लावत नाहीत.

पार्सल आलं. तबकडी मशीनवर तशीच ठेवून पॅक केलेली. ज्याने खरंच एकदा तरी टर्नटेबल उघडलंय तो असं कधीच करणार नाही, वजनदार तबकडी नेहमी काढून वेगळी गुंडाळतात, नाहीतर वाटेत बसणारा प्रत्येक धक्का थेट मधल्या बेअरिंगला जातो. टोनआर्मही (सुई धरणारा दांडा) नीट बांधलेला नव्हता, त्याला हलकेच धरून डावीकडे उजवीकडे हलवलं तर टिक टिक लागत होतं, म्हणजे बेअरिंग ढिलं.

तरी लावून बघितलं. एलपी वाजली, स्पीड कानाला साधारण ठीक, पण बासरीचा लांबवलेला सूर आला की थरथरायचा, म्हणजे मुद्दाम दिलेला कंप नाही, आजारी माणसाच्या आवाजासारखी थरथर. ढोल-ड्रमच्या गाण्यात हे कळतच नाही, म्हणून टेस्ट करताना पियानो नाहीतर बासरी लावा. मग ४५ ची (मिनिटाला ४५ फेऱ्यांची) छोटी रेकॉर्ड लावली आणि गाणारी बाई एकदम पुरुषी आवाजात पेंगत गायला लागली. ३३ (एलपीचा, मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांचा स्पीड) बरोबर आणि ४५ एवढं स्लो? मोटर खराब असती तर दोन्ही बिघडायला पाहिजे ना.

वरची तबकडी काढली, बेल्ट सोडवला, आणि मोटरच्या पुलीवर काय, तर काळी इन्सुलेशन टेप! पुलीला दोन पायऱ्या असतात, बारीक भागावर बेल्ट असला की ३३, जाड भागावर असला की ४५. या पठ्ठ्याने बारीक भागावर टेपचे थरावर थर गुंडाळून तो जाड केलेला, शेवटचं टोक जरा सुटून वर आलेलं, आणि बेल्ट त्या उंचवट्यावरून दर फेरीला उडी मारत होता. थरथर तिथून येत होती. ४५ च्या भागाला हातच लावला नव्हता, एवढं कोण तपासतंय असं वाटलं असणार.

आता टेप का लावली ते सांगतो, कारण असल्या स्वस्त मशीनमध्ये खरी मेख हीच असते. या जुन्या बेल्ट ड्राइव्हमधल्या बऱ्याच मोटरींचा स्पीड मेन्सच्या, म्हणजे घरच्या विजेच्या, फ्रिक्वेन्सीवर (हर्ट्झवर) ठरतो. ६० हर्ट्झच्या देशासाठी बनवलेलं मशीन आपल्याकडच्या ५० हर्ट्झवर लावलं की सगळं सहा भागांतले पाचच भाग फिरतं, ३३ चं होतं २७.८ आणि ४५ चं ३७.५. अ‍ॅपवर ४५ ला ३७.५ च्या आसपास आकडा दिसला तेव्हाच ट्यूब पेटली (फोनचं जायरोस्कोप वापरून स्पीड मोजणारी अ‍ॅप्स असतात, फोन तबकडीच्या मधोमध ठेवायचा फक्त). मशीनला व्होल्टेज सिलेक्टर होता त्यामुळे ते जळालं नाही, पण सिलेक्टर काय किंवा ट्रान्सफॉर्मर काय, व्होल्टेज बदलतो, हर्ट्झ नाही. त्यावर सरळ उपाय म्हणजे ५० हर्ट्झची पुली, किंवा मोटरला वेगळा पॉवर सप्लाय. गॅरार्ड ३०१ सारख्या नावाजलेल्या आयडलर (बेल्टऐवजी रबरी चाकाने तबकडी फिरवणाऱ्या) मशीनलाही ५० आणि ६० च्या पुल्या वेगळ्या लागतात, तेव्हा महागडं आहे म्हणून निश्चिंत राहू नका. टेक्निक्सच्या एसएल-१२०० मार्क २ सारख्या क्वार्ट्झवाल्या डायरेक्ट ड्राइव्हला (तबकडी थेट मोटरवर, स्पीड क्वार्ट्झ स्फटिकाने धरलेला) ही भानगड नाही, त्यांची दुखणी वेगळी.

मग तो व्हिडिओ परत बघितला. व्हिडिओतल्या मशीनच्या पुढच्या पट्टीवर व्हिनिअरमध्ये एक काळपट गाठ आहे, माझ्याकडच्या मशीनला सरळ रेघा. म्हणजे मशीनच दुसरं! लाकडाच्या रेघा दोन मशीनच्या कधीच सारख्या नसतात, त्यामुळे फोटो, व्हिडिओ आणि माल जुळवायला सगळ्यात सोपी खूण तीच. आणि व्हिडिओ मागायचाच असेल तर आजची तारीख लिहिलेला कागद शेजारी ठेवून, कट न करता, सुई रेकॉर्डवर टेकवण्यापासून मागा. लेबलवरची एखादी खूण धरून फेऱ्या मोजा, ३३ वर १८ सेकंदात बरोबर १० फेऱ्या व्हायला पाहिजेत. आणि हेच ४५ वर पण करून दाखवायला सांगा.

"नवीन सुई" चं पण ऐका. कार्ट्रिजची (सुई बसते त्या डबीची) बॉडी ओरिजिनल, नावाजलेली, आणि सुई कुठल्यातरी लोकल कंपनीची, भिंगाखाली बघितली तर कँटिलिव्हर (हिरा धरणारी बारीक दांडी) वाकडा आणि टोकाचा हिरा एका बाजूने घासलेला. असली सुई नुसती वाईट वाजत नाही, रेकॉर्डची खाच कायमची खरवडते. श्युअर या नावाजलेल्या कंपनीने २०१८ मध्ये कार्ट्रिज बनवणं बंद करायचं जाहीर केल्यापासून तर "ओरिजिनल सुई" म्हणून काय काय विकलं जातं विचारू नका. जाहिरातीत कार्ट्रिजचं नाव मोठं करून लिहिलं असेल तर सुईच्या टोकाचा क्लोजअप मागा, नाहीतर सुईची किंमत शून्य धरून भाव करा.

त्याला फोटो पाठवले. आधी म्हणाला कुरिअरवाल्याने आपटलं असेल. मी म्हटलं कुरिअरवाला पुलीला टेप गुंडाळतो का हो? मग म्हणे मला पण असंच मिळालं होतं, मग रिप्लाय बंद, मग ब्लॉक. अ‍ॅपवाल्यांना कळवलं तर पेमेंट बाहेरून झालंय, आम्ही काही करू शकत नाही. नंतर तीच गाठवाली फ्रंट पट्टी दुसऱ्या नावाने टाकलेल्या जाहिरातीत दिसली, परत "फुल्ली रिस्टोअर्ड". रिपोर्ट केली, जाहिरात गेली, पण तो माणूस असणारच कुठेतरी.

मशीनचं म्हणाल तर पदरी पडलं पवित्र झालं. टेप सोलून चिकटा आयसोप्रोपिल अल्कोहोलने काढला, मधलं बेअरिंग पुसून नवं तेल घातलं (आत तेलाऐवजी काळा राडा होता, हीच ती सर्व्हिस), तुटलेली अर्थची वायर जोडल्यावर घूंऽऽ आवाजही गेला. ५० हर्ट्झची पुली मिळवून बसवली, आता अ‍ॅपवर ३३ आणि ४५ दोन्ही बरोबर दाखवतंय. टोनआर्मचं बेअरिंग अजून तसंच आहे, ते काम हाताचं आहे आणि माझा हात त्यात बसलेला नाही, कोणी जाणकार मिळाला तर त्याच्याकडून, नाहीतर अख्खा आर्मच बदलणार. तोवर चांगल्या रेकॉर्ड त्याच्यावर लावत नाही.