भावाभावांचा समेट करून देणारे फतेहगंजचे सर: 4 स्टार, पाचवा का कापला तेही लिहिलंय

बडोद्यात प्रॉपर्टीची भांडणं मिटवून देतो म्हणणारे ढिगानं आहेत, अर्धे वकील आणि अर्धे दलाल, पण मी लिहितेय ते फतेहगंज बाजूला एका छोट्या ख्रिस्ती मंडळीच्या हॉलवरच्या खोलीत बसणाऱ्या रिटायर्ड मास्तरांबद्दल. बोर्ड नाही, जाहिरात नाही, आणि नाव कुठे टाकू नका असं त्यांनीच सांगितलंय म्हणून टाकत नाही. आम्ही सगळे त्यांना सरच म्हणायचो.

केस आमची साधीच, मराठी घरात असते तशी. दांडिया बाजारातलं आजोबांचं घर, खाली दुकान भाड्यानं, वर काका-काकू राहतात, बाबा मांजलपूरला फ्लॅटमध्ये, आणि दोघा भावांचं बोलणं बंद. गणपतीला एक सकाळी येणार, दुसरा संध्याकाळी, मधे चुकून गाठ पडू नये म्हणून काकू फोन करून टायमिंग सांगणार. कोर्टात टाकायचं म्हटलं तर आमच्या पिढीला निकाल दिसेल का शंका, म्हणून कुणीतरी सरांचं नाव सुचवलं. आत्याला कळल्यावर तिनं लगेच सुरू केलं, अगं तिकडे जाऊन बाटाल सगळे. तर सरांनी पहिल्याच दिवशी स्वतःहून सांगितलं की इथे धर्माचं काही बोलणार नाही, तुम्ही विचारलंत तर मी का हे करतो ते सांगेन. आणि खरंच शेवटपर्यंत एक शब्द नाही, प्रार्थनासुद्धा आमच्यासमोर नाही.

बसायच्या आधी त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं की घरात कुणी कुणाला मारतं का, धमकी वगैरे आहे का. मी म्हटलं नाही हो. तसं असतं तर मी हे काम घेत नाही, बाईला सरळ 181 अभयमला, म्हणजे बायकांच्या हेल्पलाइनला, फोन करायला सांगतो, मार खाणाऱ्याला जुळवून घे म्हणायला माझी जीभ रेटत नाही, असं म्हणाले. आपल्याकडे समेट म्हणजे लहानानं किंवा बाईनं गप्प बसायचं असंच असतं, त्यामुळे तिथेच मला माणूस वेगळा वाटला.

पद्धत अशी की आधी एकेकट्याशी बोलतात, तुमचं वाक्य तुम्हालाच परत म्हणून दाखवतात आणि विचारतात, बरोबर? बाबांना विचारलं, तुम्ही एकटे जाऊन भावाशी बोललात का कधी. बाबा म्हणाले, वकिलाची नोटीस पाठवली ना. सर नुसते बघत राहिले. मग एकदा बाबा जरा हळवे होऊन म्हणाले, जाऊ दे, त्याला सांगा मी माफ केलंय सगळं. आमच्याकडच्या कुठल्याही नातेवाईकानं हा निरोप धावत जाऊन पोचवला असता, वर चार गोड शब्द स्वतःचे घालून. सर म्हणाले, अप्पा, केलंय का खरंच? बाबा गप्प. मग मी नाही सांगणार, झालं की सांगा, मी त्याच दिवशी जाईन. बाबा घरी येऊन रागावले होते पण मला वाटतं काकांनी पुढे सरांच्या शब्दावर डोळे मिटून विश्वास ठेवला तो यामुळेच, कारण हा माणूस निरोप गोड करून आणत नाही हे दोन्ही बाजूंना कळलं होतं.

खरी मजा पुढे. ठरलं असं की बाबांचा अर्धा हिस्सा काकांनी विकत घ्यायचा. जो वकील दस्त करणार होता त्यानं सवयीनं सुचवलं की कागदावर जंत्रीएवढाच, म्हणजे सरकारनं ठरवलेल्या दराएवढाच, आकडा दाखवू, वरचे कॅशमध्ये. बडोद्यात यात कुणाला काही वाटतच नाही, 2023 ला जंत्री डबल झाल्यापासून तर स्टॅम्प ड्युटीच्या नावानं सगळेच रडतात. बाबा-काका, इतकी वर्षं एका गोष्टीवर एकमत नसलेले, यावर दोन सेकंदात एकमत! सरांनी फाइल बंद केली. म्हणाले, मग माझं काम इथे संपलं, खोट्या आकड्यावर समेट केलात तर उद्या कॅशचे कमी मिळाले म्हणून परत भांडाल आणि तेव्हा दाखवायला कागदपण नसेल. आणि 20,000 च्या वर कॅश जमिनी-घराच्या व्यवहारात घेणं इन्कम टॅक्सच्या नियमात बसत नाही तो भाग वेगळाच. पण नुसता उपदेश करून उठले नाहीत हे मला आवडलं, दस्त काकूंच्या नावावर करा म्हणाले, बाईच्या नावावर घेतलं तर गुजरातेत 1 टक्का रजिस्ट्रेशन फी माफ आहे, 4.9 टक्के स्टॅम्प ड्युटी मात्र पूर्ण भरा. वकील स्वतःच विसरला होता. काकूंच्या चेहऱ्यावरचं हसू बघण्यासारखं होतं.

शेवटी मीच विचारलं का करता हे. सर मूळचे डहाणूकडचे, घर ब्रदरन मिशनवाल्यांचं. हा पंथ 1708 चा जर्मनीतला, अमेरिकेतून 1894 ला यांची माणसं इकडे आली, वलसाड, अंकलेश्वर, डहाणू हा त्यांचा पट्टा. शस्त्र उचलायचं नाही, शपथ घ्यायची नाही ही त्यांची जुनी शिकवण, होय तर होय आणि नाही तर नाही, आणि भावाशी बिनसलं तर आधी एकट्यानं जा, ऐकलं नाही तर एक-दोघांना घेऊन जा, त्यानंतर मंडळीपुढे. मत्तयाच्या शुभवर्तमानात आहे म्हणे. मी जरा खोचकपणे विचारलं की मग तुमच्या लोकांत भांडणं नसतीलच. तर सरळ म्हणाले, आहेत ना, 1970 ला चर्च ऑफ नॉर्थ इंडियात विलीन झालो आणि मग विलीनीकरण धरायचं की नाही, मालमत्ता कुणाची, यावर आमचेच लोक सुप्रीम कोर्टापर्यंत भांडले, 2013 ला निकाल लागला. शांतीवाल्यांचं हे असं, लपवून काय करू. दुसरा कुणी असता तर विषय बदलला असता.

आता एक स्टार का कापला. फार म्हणजे फार वेळ लागतो, घाईचं काम असेल तर जाऊ नका, दुसरा पक्ष तयार नसेल तर ते महिनोन् महिने नुसते थांबतात. त्यांनी लिहून दिलेला कागद कोर्टाच्या हुकुमासारखा नसतो, दस्त-रजिस्ट्रीला वकील लागतोच आणि तो खर्च वेगळा. केस आधीच कोर्टात असेल तर लोक अदालत बघा, तिथला निवाडा पक्का, अपील नाही आणि कोर्ट फी परत मिळते, हेही सरांनीच सांगितलं. फी काही नाही. मधे बाबा दुलीरामचे पेढे घेऊन गेले तर हात लावला नाही, सही होईपर्यंत दोघांकडचंही काही घेत नाही म्हणाले. सही झाल्यावर मात्र चार खाल्ले, डायबिटीस असून.

आणि बाबा-काका काही गळ्यात गळे घालून फिरत नाहीयेत, तसं समजू नका, पण गणपतीला काकूंना टायमिंगचे फोन करावे लागत नाहीत.

जायचं तर संध्याकाळी जा, रविवारी नाही. पार्किंग शून्य, रिक्षाच बरी. जिना खडा आहे, घरात गुडघेदुखीवाले असतील तर आधी निरोप द्या, खालच्या हॉलमध्ये बसवतात. वकील मात्र बरोबर नेऊ नका, त्याला बाहेरच थांबवतात.