कोर्टाऐवजी लवाद: अकरा महिन्यांनंतर

मी कारखान्यांना लागणारे ड्रायर बनवतो. परदेशातल्या एका कंपनीने मशीन नेलं, वापरायला सुरुवात केली आणि ‘माल नीट वाळत नाही’ म्हणून शेवटचा हप्ता अडवला. करारात लवादाचं कलम होतं, म्हणजे वाद झालाच तर तो कोर्टाऐवजी पक्षकारांनी नेमलेल्या त्रयस्थ पंचांनी (लवादांनी) सोडवायचा, त्यामुळे कोर्टाची पायरी चढायची वेळ आली नाही. निवाडा हातात यायला अकरा महिने लागले.

सर्वात जास्त काय आवडलं असेल, तर समोर बसलेल्या माणसाला विषय कळत होता. तीन लवादांपैकी एक मेकॅनिकल इंजिनियर होते. कंपनीच्या वकिलांनी तापमानाच्या नोंदींचा तक्ता पुढे केला, तेव्हा त्यांनी त्यावर बोट ठेवून विचारलं, “एका वेळी माल किती भरला, तो रकाना कुठे आहे?” तो रकानाच नव्हता. क्षमतेपेक्षा जास्त भरताय, हे मी वर्षभर घसा फोडून सांगत होतो. त्या एका प्रश्नाने मला भरून आलं.

खर्चाने मात्र घाम फोडला. कोर्टात न्यायाधीशाचा पगार आपण देत नाही, इथे लवादांची फी पक्षकारांनीच भरायची. कलम जुन्या, मोठ्या करारातून जसंच्या तसं उचललं होतं, म्हणून तीन लवाद: एक त्यांचा, एक आमचा आणि त्या दोघांनी निवडलेला तिसरा. फी तिप्पट, शिवाय तिघांच्या तारखा जुळवण्यात दोन महिने गेले. एवढ्या वादाला एकच पुरला असता. बर्नर पुरवणाऱ्यालाही यात ओढायचं होतं, पण त्याची करारावर सही नव्हती, त्यामुळे तो बाहेरच राहिला.

निवाडा माझ्या बाजूने लागला. व्याज मात्र हप्ता थकल्या दिवसापासून मिळायला हवं होतं, लवादांनी ते नोटिशीच्या तारखेपासून दिलं. मला ते आजही पटत नाही. पण लवादात सहसा अपील नसतं. नोटीसच मिळाली नाही, बाजू मांडू दिली नाही, कराराबाहेरचा निर्णय दिला, अशा मोजक्याच कारणांवर कोर्ट निवाडा रद्द करतं. पुराव्याचा अर्थ चुकला, हे त्यात बसत नाही. कंपनीचेही हात तसेच बांधलेले होते, म्हणून मी ते सोडून दिलं.

पैसे वसूल झाले ते १९५८ च्या न्यूयॉर्क कराराच्या जोरावर. १७० हून अधिक देश त्यात आहेत, आणि तिथली कोर्टं परदेशातल्या निवाड्याची अंमलबजावणी करतात. आमच्या कोर्टाचा हुकूमनामा घेऊन गेलो असतो, तर तिथे तो मानतील याची खात्री नव्हती. वकिलांनी अंमलबजावणीच्या अर्जाचा मसुदा कंपनीला पाठवला आणि बाराव्या दिवशी रक्कम खात्यात जमा झाली.

नव्या करारांत मी आता एकच लवाद लिहितो, आणि तो यंत्रं कळणाराच हवा हेही. बर्नरवाल्याच्या करारातही तेच कलम घातलंय.