विंडशील्ड कशावर बांधायची: हँडल, फोर्क की चॅसी?

टूरिंगसाठी मोटरसायकलला विंडशील्ड घेताना सगळी चर्चा काचेची होते. उंची किती, स्मोक की पारदर्शक, हेल्मेटवर वारा आदळतो का. पुढे वर्षभरात गॅरेजमध्ये जे काम निघतं ते मात्र काचेमागच्या सामानाचं असतं: फिरलेला क्लॅम्प, फाटलेलं रबर, गंजलेला बोल्ट, वेल्डिंगपाशी गेलेली चीर. म्हणून निवड करताना पहिला प्रश्न काच कशावर बांधायची हा घ्यावा. बाजारात तीन जागा मिळतात: हँडलचा पाइप, पुढचे फोर्क (पुढचं चाक धरणाऱ्या दोन नळ्या), आणि चॅसी (गाडीचा मूळ सांगाडा).

आधी जोराचा हिशोब करू. साधारण ४० बाय ४० सेंटिमीटरची, बऱ्यापैकी उभी बसवलेली काच ताशी ९० किलोमीटरला सुमारे ७ किलोचा रेटा घेते. ६० ला हाच रेटा ३ किलोच्या थोडा वर असतो. वेग दीडपट झाला की रेटा सव्वादोनपट होतो, आणि समोरचा वारा वेगातच धरायचा. गोव्यात झुआरीच्या नव्या पुलावर ७० नं जाताना समोरून २० चा वारा आला की काचेच्या लेखी गाडी ९० वरच आहे. (पणजीच्या अटल सेतूवर दुचाकींना बंदी आहे, तेवढा एक पूल या चिंतेतून सुटला.)

हँडलवरचा क्लॅम्प

सगळ्यात स्वस्त, तासाभरात घरी बसतो, गाडी विकताना काढून घेता येतो. विकणारा सांगतो ते एवढंच. आता वरचाच ७ किलोचा रेटा घ्या. तो काचेच्या मध्यावर, म्हणजे हँडलपासून साधारण २५ सेंटिमीटर वर लागतो. हँडलचा पाइप २२ मिलिमीटरचा, त्रिज्या ११. काच मागे पडू नये म्हणून क्लॅम्पनी पाइपला जे धरून ठेवायचं ते ७ गुणिले २५० भागिले ११, म्हणजे जवळपास १६० किलोचं घर्षण. तेही गुळगुळीत क्रोमवर, पावसात. दोन क्लॅम्पवर उभी राहणारी उंच काच हळूहळू मागे का झुकते, त्याचं उत्तर या गुणाकारात आहे. बोल्ट कितीही आवळला तरी हा हिशोब बदलत नाही. आवळून आवळून क्लॅम्पचा कान मात्र तुटतो.

खालून हेडलाइटच्या बोल्टला किंवा फोर्कला टेकणाऱ्या दोन पट्ट्या असतील, म्हणजे एकूण चार ठिकाणी आधार असेल, तर गोष्ट वेगळी. मग क्लॅम्पला पिळा बसत नाही, नुसतं धरून ठेवायचं असतं. हँडलवरच बसवायची असेल तर चार आधारांचीच घ्या, किंवा काच ३० सेंटिमीटरच्या आत ठेवा.

क्लॅम्पचं माप पाइपच्या मापाला जुळलं पाहिजे. ‘२२ ते २८ सगळ्यांना बसतो’ असा क्लॅम्प प्लास्टिकची अस्तरं घालून माप जुळवतो आणि ती अस्तरं उन्हात कडक होऊन सरकतात. मध्ये जाड आणि कडेला बारीक होत जाणाऱ्या हँडलवर क्लॅम्प उतारावर बसला तर तो बारीक बाजूला घसरणारच. आवळून झाल्यावर क्लॅम्पच्या दोन जबड्यांत एक-दोन मिलिमीटरची फट राहिली पाहिजे, दोन्ही बाजूंना सारखी. जबडे एकमेकांना टेकले असतील तर बोल्ट नुसता जबड्यांना आवळतोय, पाइप सैलच आहे.

दुसरा तोटा चालवताना कळतो. काच हँडलवर असली की बाजूचा झोत थेट हातात येतो. एनएच ६६ वर कारवारकडे जाताना समोरून भरधाव बस गेली की हँडलला हिसका बसतो. मागे टॉप बॉक्स असेल तर मोठ्या वेगाला गाडी डोलायला लागण्याचीही शक्यता वाढते.

फोर्कवरचं बांधकाम

इथे प्रत्येक फोर्कवर वर-खाली असे दोन क्लॅम्प असतात, त्यांत दहा-बारा सेंटिमीटरचं अंतर. काच मागे रेटली गेली की वरचा क्लॅम्प मागे ढकलला जातो, खालचा पुढे ओढला जातो. सगळे मिळून पंधरा-वीस किलोच्या आसपासचं हे ढकलणं-ओढणं नळीच्या अंगावर येतं. घर्षणावर काही अवलंबून राहत नाही. त्यामुळे काच झुकत नाही. सरकलाच तर क्लॅम्प खाली सरकतो, खड्ड्यांच्या दणक्यांनी, आणि ते नजरेला लगेच दिसतं.

दोन अटी आहेत. पहिली, क्लॅम्प फोर्कच्या स्थिर भागावरच बसला पाहिजे. चकचकीत नळीचा जो भाग ऑइल सीलमधून वर-खाली होतो तिथे ओरखडा पडला की सील गेलं. दुसरी, फोर्कवर पत्र्याचं आवरण आहे का ते बघा. क्लासिक ३५० सारख्या गाड्यांना ते असतं. त्या पातळ पत्र्यावर क्लॅम्प आवळला तर पत्रा चेपतो, आणि चेपलेल्या पत्र्यावर पकड कधीच बसत नाही. अशा गाडीला हेडलाइटच्या मूळ बोल्टांवर किंवा फोर्कच्या वरच्या टीवर (दोन्ही फोर्क जोडणाऱ्या आडव्या तुकड्यावर) येणारं त्याच मॉडेलचं ब्रॅकेट शोधावं. माप अंदाजानं सांगू नका, व्हर्नियर लावा: एकाच नावाच्या गाडीत जुन्या-नव्या मॉडेलचे फोर्क वेगळे असतात.

काच हँडलबरोबर वळते, त्यामुळे हिसका इथेही आहेच, फक्त बांधकाम ताठ असल्यानं थरथर कमी. बसवल्यावर हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून बघा. क्लच केबल, ब्रेकची नळी, वायरिंग पट्टीखाली चेपत नाही ना, काच टाकीला लागत नाही ना. ॲक्सिलरेटरची केबल ताणली जात असेल तर इंजिन चालू ठेवून हँडल वळवल्यावर आरपीएम वाढतो. ही खूण चुकत नाही.

चॅसीवरचं बांधकाम

हिमालयन ४११ सारख्या गाडीत काच, हेडलाइट आणि मीटर चॅसीला धरलेल्या चौकटीवर असतात. हँडल वळलं तरी काच सरळच राहते. वाऱ्याचा हिसका हातात येत नाही. चोर्ला घाटातून बेळगाव, किंवा मोले-अनमोडवरून पुढे असा वारंवार प्रवास करणाऱ्याला याच्यासारखं सुख नाही.

पण हे बांधकाम बिघडतं तेव्हा गुपचूप बिघडतं. क्लॅम्प सरकतो, तो दिसतो. चौकटीच्या वेल्डिंगशेजारची चीर रंगाखाली वाढत राहते. तिला खतपाणी आपणच घालतो: काचेमागच्या आडव्या दांडीवर फोन, त्याच्या बाजूला चार्जर, खाली दोन जादा लाइट. वजन मुळापासून जितकं लांब, तितका प्रत्येक गतिरोधकावर सांध्याला जास्त झोका. जुन्या, बॅलन्सर नसलेल्या एकसिलिंडर इंजिनाची थरथर असेल तर आणखी वाईट. फोन हँडलवर लावा, लाइट क्रॅश गार्डवर.

तुमच्या गाडीला कंपनीची चौकट मिळत नसेल तर फोंड्या-मडगावात स्टीलच्या गेट-ग्रिलचं काम करणारे फॅब्रिकेटर ती बनवून देतात. कामही चांगलं करतात, फक्त आपण नीट सांगितलं पाहिजे. चॅसीला वेल्डिंग नको, आहे त्या भोकांनाच बोल्ट. कोपऱ्यात त्रिकोणी आधारपट्टी. पाइप वाकवायचा, खाच पाडून जोडायचा नाही. आणि पाइपच्या सगळ्यात खालच्या टोकाला ४ मिलिमीटरचं भोक, नाहीतर पावसाळाभर आत पाणी साचून पाइप आतूनच खाल्ला जातो.

भोक, रबर आणि बोल्ट

इथून पुढचं तिन्ही प्रकारांना लागू आहे, आणि निम्मे बिघाड इथलेच असतात.

काच म्हणतो ती असते पॉलिकार्बोनेट किंवा ॲक्रिलिकची, आणि हे प्लास्टिक उन्हानं बऱ्यापैकी फुगतं. भोकांमधलं अंतर ४०० मिलिमीटर असेल आणि तापमान ३० अंशांनी बदललं तर ते सुमारे ०.८ मिलिमीटरनं बदलतं. मे महिन्याच्या दुपारी तापलेल्या काचेवर वळवाची सर आली की हे काही मिनिटांत घडतं. म्हणून एम५ बोल्टला ५ मिलिमीटरचं भोक चालत नाही. साधारण ८ चं भोक, त्यात रबरी बुश, बुशमध्ये धातूची नळी, आणि बोल्ट त्या नळीवर आवळलेला, काचेवर नाही. विकत घेताना नळी आहे का ते बघा. नसेल तर ते सामान पुढे भोकापासून चीर देणार.

अनेक काचांना वेलनट असतात: रबराचं बूच, आत पितळी नट. आवळलं की रबर फुगून धरून ठेवतं. जास्त आवळलं की रबर फाटतं, किंवा पितळी नट आतल्या आत गरागरा फिरायला लागतो आणि स्क्रू ना निघतो ना बसतो. तेव्हा स्क्रू बाहेरच्या दिशेनं ओढत फिरवा. तरी नाही निघाला तर मागून ब्लेडनं रबर कापा. हे स्क्रू छोट्या स्क्रू ड्रायव्हरनं हातानं टेकेपर्यंत, मग अर्धा वळसा, बस. इम्पॅक्ट मशीन काचेजवळ आणूच देऊ नका. रबर दर पावसाळ्याआधी दाबून बघावं. नख रुतत नसेल तर बदला.

बोल्ट सुटू नये म्हणून निळं थ्रेडलॉक लावायची सवय चांगलीच, पण काचेच्या बोल्टांना ते लावू नका. पातळ थ्रेडलॉक प्लास्टिकला लागलं की भोकाभोवती केसासारख्या बारीक चिरांचं जाळं उमटतं. काचेपाशी नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला) वापरा, थ्रेडलॉक फक्त लोखंडाला लोखंड भेटतं तिथे. पेट्रोलनं पुसणं आणि अमोनियाचा ग्लास क्लीनर यांचाही परिणाम तसाच. लाल धूळ असेल तर आधी भरपूर पाणी, मग साबण; डिचोली-साखळीकडची धूळ कोरड्या फडक्यानं पुसली तर काच कायमची धूसर.

खारा वारा आणि वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, म्हणजे झिंक मुलाम्याचे बोल्ट एका मोसमात तांबूस होतात. डोक्यावर ए२ लिहिलेले स्टेनलेस घ्या, समुद्राला लागून राहत असाल तर ए४. ॲल्युमिनियमच्या क्लॅम्पमध्ये स्टेनलेस बोल्ट कोरडा घातला तर खारट पाण्यात ॲल्युमिनियम झिजून पांढरी भुकटी होते आणि बोल्ट कायमचा बसतो. आट्यांना अँटीसीझ किंवा निदान ग्रीस लावा, आणि मग पाना थोडा हलक्या हातानं.

तपासणी

बसवल्यावर पहिल्या १०० किलोमीटरला सगळे बोल्ट एकदा बघायचे, कारण नवं रबर दबतं. बोल्टच्या डोक्यावरून ब्रॅकेटवर पेंट मार्करची एक रेघ ओढून ठेवली की पुढच्या वेळी पाना लागत नाही, रेघ तुटली का एवढंच बघायचं. लांबच्या प्रवासाआधी काचेचं वरचं टोक धरून पुढे-मागे हलवा. सगळं बांधकाम एकसंध हलत असेल तर ठीक, ‘टक’ असा आवाज आला तर कुठेतरी बुश गेलंय. मग टॉर्च तिरपा धरून भोकांच्या कडा आणि वेल्डिंगचे सांधे बघा. रंगावर बारीक तपकिरी रेघ दिसली तर ती चीर समजा. वरून रंग मारू नका, ब्रॅकेट काढून सांधा साफ करूनच वेल्डिंग करून घ्या. मे अखेरीस एकदा आणि चवथीनंतर पाऊस ओसरला की एकदा, ही तपासणी सावकाश करावी.

मग कोणती घ्यायची?

पणजी-म्हापसा-मडगाव ये-जा, वेग ६०-७०, क्वचित लांब जाणं: हँडलवरची छोटी काच पुरते. महिन्या-दोन महिन्यांनी बेळगाव, कारवार, रत्नागिरी होत असेल आणि गाडीला चौकट मिळत नसेल तर फोर्कवरची चार आधारांची. गाडीला कंपनीची चौकट असेल तर दुसरा विचारच नको, फक्त तिच्यावर वजन लटकवू नका. आणि दोन मॉडेलांत अडलात तर विकणाऱ्याला विचारा की बुश आणि वेलनट सुटे मिळतात का. ‘अख्खा सेट घ्यावा लागेल’ असं उत्तर आलं तर दुसरं मॉडेल घ्या.

चोर्ल्याच्या वळणांवर एखादा आधार तुटलाच तर टेप गुंडाळून पुढे जाऊ नका. उरलेले आधार एकतर्फी ओढ सहन करत नाहीत, आणि सुटलेली काच हँडल आणि टाकीच्या मध्ये अडकली तर वळता येत नाही. काच पूर्ण काढा, पट्ट्याही काढा किंवा घट्ट बांधा, काच रेनकोटमध्ये गुंडाळून मागच्या सीटवर आडवी बांधा. त्यासाठी ४ आणि ५ ची एलन की, १० चा पाना आणि दोन बंजी दोऱ्या एवढं सामान सीटखाली असावं.