सेजचं रोप, 180 रुपये: रोपाला चांगले गुण, मातीला नापास

थंडीच्या सुमाराला मुंबईतल्या नर्सऱ्यांमध्ये रोजमेरी आणि थाइमच्या शेजारी सेजची, म्हणजे पाश्चात्त्य स्वयंपाकात वापरतात त्या सुगंधी पानांची, रोपं दिसायला लागतात. हा अभिप्राय उपनगरातल्या एका नर्सरीत मिळणाऱ्या चार इंची कुंडीतल्या रोपाबद्दल आहे. किंमत 180 रुपये, उंची वीतभर, फांद्या तीन. मागताना नुसतं ‘साल्व्हिया’ म्हणू नका. लाल तुऱ्यांचं शोभेचं झाड हातात ठेवतील. स्वयंपाकाचं सेज म्हणजे साल्व्हिया ऑफिसिनॅलिस. त्याचं पान लांबट, राखाडी हिरवं, वरून बारीक दाणेदार आणि हाताला मखमली लागतं. चुरगळलं की आधी कापराचा भपका येतो, मग मागून कडसर, मिरीकडे झुकणारा वास. तो आला नाही तर कुंडी जागेवर ठेवून द्यावी.

रोपाबद्दल तक्रार नाही. पेरं जवळजवळ आहेत, म्हणजे ते उन्हात वाढलेलं आहे. शेडनेटखाली ठेवलेलं सेज लांबुळकं होऊन लोळतं. पानांच्या मागच्या बाजूला पांढरी माशीही नाही. घोळ आहे तो कुंडीच्या आत. रोप उपडं केलं की मधोमध जाळीत बांधलेला कोकोपीटचा (नारळाच्या काथ्याच्या भुशाचा) घट्ट गोळा निघतो आणि त्याभोवती थापलेली चिकट लाल माती. कोकोपीट पाणी धरून ठेवतं, लाल माती ते पुढे जाऊ देत नाही, आणि मुळं त्या ओल्या बोळ्यात गुदमरतात. वर विक्रेत्याचा सल्ला, ‘रोज एक ग्लास पाणी घाला’. भूमध्य समुद्राकाठच्या कोरड्या, खडकाळ उतारांवरचं झाड आहे हे. रोज ग्लासभर पाण्याने ते मारायला फार दिवस लागत नाहीत.

म्हणून घरी आणल्यावर दोन-तीन दिवस सावलीत ठेवा आणि मग कुंडी बदला. आठ इंची मातीची कुंडी घ्या, प्लास्टिकची नको. साधी बागेची माती दोन भाग, नदीची जाड वाळू किंवा पेर्लाइट (नर्सरीत मिळणारे हलके पांढरे दाणे) दोन भाग, विटांचे हरभऱ्याएवढे तुकडे एक भाग. गांडूळखत फक्त दोन मुठी. खत जास्त झालं तर पानं मोठी आणि लुसलुशीत होतात, पण वास उतरतो. चौपाटीची वाळू चालणार नाही, तिच्यात मीठ असतं. गोळ्यावरची जाळी कात्रीने उभी कापून काढा, बाहेरचं कोकोपीट बोटांनी हलकेच मोकळं करा आणि रोप कडेच्या मातीपेक्षा अर्धा इंच उंच बसवा. बुंध्याशी वाळलेला पाला पसरायची आपली सवय इथे आवरा. पाल्याने ओल धरते आणि खोड तिथेच कुजतं. पाला नकोच, त्याऐवजी बारीक खडीचा थर द्या. कुंडीखाली बशी ठेवू नका, दोन विटा ठेवा.

पाणी बोट घालून ठरवा. वरची दोन इंच माती कोरडी लागली की भरपूर, नाहीतर थेंबही नाही. लोक इथेच फसतात: दुपारी पानं मलूल दिसली की लगेच तांब्या उचलतात. माती ओली असताना पानं मान टाकत असतील, तर मुळं सडायला लागलेली असतात आणि पाणी घातलं की उरलीसुरलीही जातात. अशा वेळी रोप काढा, काळी पडलेली मऊ मुळं कापा, कोरड्या मिश्रणात पुन्हा लावा. खालची पानं पिवळी होऊन देठापाशी काळी पडत असतील तर कारण बहुधा हेच.

ऊन रोज पाच-सहा तास हवं. डिसेंबर-जानेवारीत सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे दक्षिणेच्या गॅलरीत ऊन खोलवर येतं. बॉक्स ग्रिलमध्ये तिथलाच कोपरा सेजला द्या. एप्रिलपासून मात्र दुपारचं ऊन टाळलेलं बरं.

बागकामाचे व्हिडिओ बघून क्लीव्हलँड सेजची हौस वाटणाऱ्यांसाठी दोन शब्द. ते सेजच्याच कुळातलं, पण दक्षिण कॅलिफोर्निया आणि त्याला लागून असलेल्या मेक्सिकोच्या भागातलं देशी झुडूप. 1874 मध्ये अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे यांनी सॅन डिएगोचे वनस्पतिसंग्राहक डॅनिएल क्लीव्हलँड यांच्या नावावरून त्याचं नाव ठेवलं. तीन ते पाच फूट वाढतं, देठावर जांभळट निळ्या फुलांचे गेंद एकावर एक येतात, आणि वास ऑफिसिनॅलिसपेक्षा गोड आणि दूरवर जाणारा. तिथे ते शरद ऋतूत लावतात, पहिलं वर्ष पाणी देतात आणि पुढे उन्हाळ्यात जवळजवळ देतच नाहीत, कारण माती एकाच वेळी गरम आणि ओली झाली की मुळं सडवणारी बुरशी फोफावते. सॅन डिएगोत वर्षभरात 250 मिमीच्या आसपास पाऊस पडतो, तोही मुख्यतः थंडीत. आपल्याकडे एकट्या जुलैत 800 मिमीच्या वर. मुंबईच्या जमिनीत ते लावू नये, आणि कुंडीत लावायचं तरी जुगाऱ्याची तयारी ठेवावी.

पावसाळा हाच ऑफिसिनॅलिसचाही खरा शत्रू. मेच्या शेवटी कुंडी छज्ज्याखाली, जिथे वाऱ्याच्या झोताबरोबर पाऊस येणार नाही आणि हवा खेळेल अशा जागी हलवा. पाणी दहा-बारा दिवसांनी, तेही जेमतेम. कोंदट हवेत पानांवर भुरी (पांढरी, पिठासारखी बुरशी) येते, ती पानं तोडून टाका. एवढं करूनही सप्टेंबरपर्यंत रोप तगेलच असं नाही. त्यामुळे ते नोव्हेंबर ते मे असं हंगामी धरून घेतलं तर 180 रुपये महाग नाहीत, बारमाही समजून घेतलं तर वाया. जूनमध्ये कुणी विकत असेल तर घेऊच नका.

कोरड्या उन्हाळ्यात लाल कोळी येतो. पानावर बारीक फिकट ठिपके आणि खाली जाळं दिसेल. पानाच्या मागच्या बाजूला सकाळी पाण्याचा जोरदार फवारा पुरतो. पिठ्या ढेकूण (कापसासारखा दिसणारा पांढरा किडा) दिसला तर लिटरभर पाण्यात 5 मिली कडुनिंबाचं तेल आणि साबणाचे चार थेंब, तेही संध्याकाळी.

तोडताना शेंड्याकडची कोवळी पेरं घ्या, एका वेळी एक तृतीयांशाहून जास्त नाही. पानं नसलेल्या जुन्या लाकडात कापलं तर तिथून सहसा पुन्हा फुटत नाही. फुलांची वाट पाहू नका, आपल्या थंडीत ती क्वचितच येतात. दोन पानं लोण्यात कुरकुरीत तळून लाल भोपळ्यावर टाकली की पैसे वसूल. पानात थुजोन नावाचं, जास्त झालं तर अपायकारक ठरणारं रसायन असतं, त्यामुळे काढा म्हणून रोज पेलाभर पिऊ नये आणि गरोदर बाईने तर टाळावंच.

रोपाला पाचपैकी चार, मातीला एक, विक्रेत्याच्या सल्ल्याला शून्य.