डबे वाढवले, नेट आटलं

आमची सोसायटी ऐरोलीत. तीन विंग, 84 फ्लॅट. गेल्या वर्षी एका कंत्राटदाराकडून (नाव घेत नाही, माणूस वाईट नव्हता) सगळ्यांसाठी मेश वायफाय बसवून घेतलं. फायबर फक्त ए विंगच्या मीटर रूममधल्या वायफायच्या डब्याला. बाकीचे 11 डबे जिन्यांत, एकाकडून दुसऱ्याकडे हवेतूनच. वायरिंग नाही, तोडफोड नाही, म्हणून मीटिंगमध्ये पहिला हात मीच वर केला होता.

गणपतीत सी विंगखालच्या क्लबहाऊसमधून पंधरा-वीस जणांनी एकदम आरती लाइव्ह दाखवायला घेतली. साताऱ्याच्या वहिनींना बाप्पाचा कान तेवढा दिसला. मग मीच मोबाइल घेऊन फिरलो. मीटर रूमपाशी 90 एमबीपीएस, पुढच्या डब्याखाली 43, त्याच्या पुढे 20, सी विंगच्या सातव्या मजल्यावर 4. तक्रारीला उत्तर ठरलेलं: "काका, अजून चार डबे टाकू." टाकले. 4 चे 3 झाले.

वायरलेसमध्ये एमटेक करणारी भाची आली होती. तिने डबा उलटा करून मॉडेल नंबर बघितला आणि हसलीच. "मामा, याला रेडिओ, म्हणजे हवेतून बोलायचा-ऐकायचा भाग, एकच. आलेलं पुढे सांगत असताना नवीन ऐकूच येत नाही. आणि हा बोलतो तेव्हा आजूबाजूचे गप्प." एका डब्यावरून दुसऱ्यावर, अशा दर उडीला वेग निम्मा होतो तो असा. गुप्ता आणि कुमार या दोन संशोधकांनी 2000 साली याचं गणित मांडलंय. नुसत्या हवेतून एकमेकांचा निरोप पोचवणारी यंत्रं चौपट केली, तर एकूण वाहतूक जेमतेम दुप्पट होते, म्हणजे एकेकाचा वाटा निम्म्यावर, किंबहुना थोडा खालीच. मधल्यांचा वेळ दुसऱ्यांचा माल वाहण्यातच जातो. आमच्याकडे तर सगळ्यांना मीटर रूमच्या एकाच दारातून जायचं. तिथे माणसं चौपट तर वाटा सरळ पाव.

शेवटी डक्टमधून सगळीकडे केबल ओढली (कबुतरांची घरटी निघाली, तो खर्च वेगळा). 16 डब्यांचे 9 केले, प्रत्येकाला वायर, शेजारशेजारच्या डब्यांना 1, 6, 11 असे वेगळे, एकमेकांत न मिसळणारे चॅनल. आता सातव्यावरही 60 च्या खाली जात नाही.

मेशला दोन तारे, केबल ओढणाऱ्या पोरांना पाच. काढलेले सात डबे ऑफिसच्या कपाटावर धूळ खात पडलेत, कंत्राटदार परत घ्यायला तयार नाही. दोन खोल्यांच्या घराला एखादा हवा असेल तर संध्याकाळी सातनंतर येऊन घेऊन जा.