दोन ड्राइव्ह, +6 आणि +667: सीडी रिप करण्याचा काही महिन्यांचा अनुभव

शास्त्रीय संगीताच्या सीडी संगणकावर घेणार असाल, तर ड्राइव्हचा रीड ऑफसेट (ड्राइव्ह नेमक्या जागेपेक्षा किंचित मागेपुढे वाचतो, त्याची दुरुस्ती) सॉफ्टवेअरमध्ये आधी बसवून घ्या. इंदूरला घरी पावसाळ्यापासून माझं हेच काम चाललंय. बाबांनी जमवलेल्या खयाल आणि नाट्यसंगीताच्या सीडी, एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी हे सॉफ्टवेअर आणि दोन ड्राइव्ह: डेस्कटॉपमधला जुना एलजी, ऑफसेट +6, आणि पायोनिअरचा ब्लू-रे, +667.

ऑडिओ सीडीवर सेकंदाला 75 सेक्टर, म्हणजे डेटाचे तुकडे, असतात, प्रत्येकात 588 सॅम्पल, म्हणजे आवाजाची क्षणाक्षणाची मोजमापं. डेटा सीडीच्या सेक्टरवर त्याचा पत्ता लिहिलेला असतो, ऑडिओच्या सेक्टरवर नसतो. जागा सबचॅनेलवरून (आवाजासोबत साठवलेल्या पूरक माहितीवरून) काढावी लागते आणि ती सॅम्पलपर्यंत नेमकी सापडत नाही. म्हणून प्रत्येक मॉडेल ठरावीक सॅम्पल मागेपुढे वाचतं. 667 सॅम्पल म्हणजे जेमतेम 15 मिलिसेकंद. आवाजाचा दर्जा त्याने तसूभरही बदलत नाही. ऑफसेट लावल्यावर गाणं खुललं असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

घोळ होतो तो सांध्यावर. आलाप संपून बंदिश सुरू होताना ट्रॅक बदलतो, तानपुरा चालूच असतो. सगळी सीडी एकाच ड्राइव्हवर घेतली तर ऑफसेट बसवलेला नसला तरी सांधा कळत नाही. पण ओरखडे पडलेल्या सीडीचे काही ट्रॅक एका ड्राइव्हवर नीट निघतात, काही दुसऱ्यावर. दुरुस्ती न करता एलजीच्या ट्रॅकनंतर पायोनिअरचा ट्रॅक जोडला की 661 सॅम्पल दोनदा येतात. उलट जोडला की तेवढेच गळतात. संथ तानपुऱ्यात ती टिचकी हमखास ऐकू येते.

मला खरी किंमत कळली ती पडताळणीत. अ‍ॅक्युरेटरिप ही ऑनलाइन यादी इतरांच्या रिपशी आपला चेकसम (ट्रॅकच्या डेटावरून काढलेला पडताळणीचा आकडा) ताडून पाहते, पण आपल्या कितीतरी मराठी सीडी त्यात नाहीतच. अशा वेळी दुसरा ड्राइव्ह हाच साक्षीदार. दोन्हीकडे ऑफसेट बरोबर असेल आणि दोघांचा सीआरसी (असाच एक पडताळणीचा आकडा) जुळला, तर मी ती सीडी निर्धास्तपणे कपाटात ठेवतो. एकाच ड्राइव्हवर दोनदा वाचून जुळलेल्या आकड्यावर माझा तेवढा भरवसा नाही. तोच ड्राइव्ह तीच चूक दोन्ही वेळा करू शकतो. सीडी अ‍ॅक्युरेटरिपच्या यादीत असूनही जुळत नसेल, तर ती वेगळ्या छपाईची असू शकते. क्यूटूल्स हे सॉफ्टवेअर सॅम्पल सरकवून तेही तपासतं.

फक्त शेवटचा ट्रॅक जुळला नाही तर लगेच सीडीला दोष देऊ नका. ऑफसेट धन असला की अखेरचे सॅम्पल लीड-आउटमध्ये (संगीत संपल्यानंतरच्या पट्ट्यात) शिरून वाचावे लागतात. ते न जमणाऱ्या ड्राइव्हच्या बाबतीत सॉफ्टवेअर तिथे शांतता भरतं. अ‍ॅक्युरेटरिप शेवटच्या ट्रॅकचे अखेरचे 5 सेक्टर धरतच नाही. आपण दोन ड्राइव्हचे सीआरसी ताडतो तेव्हा मात्र ते मोजले जातात.