बडोद्यात गेम डेव्हलपमेंट शिकायला गेलो आणि बाबांच्या नावावर कर्ज झालं

दर महिन्याच्या ५ तारखेला बाबांच्या मोबाइलवर ५,६०० रुपये कापल्याचा मेसेज येतो. बाबा तो वाचतात, फोन पालथा ठेवतात आणि काही बोलत नाहीत. पंधरा महिने झाले. कोणी स्वतः किंवा आपल्या मुलाला, भाच्याला गेम डेव्हलपमेंटच्या क्लासला घालायच्या विचारात असेल, तर पैसे भरण्याआधी हे वाचावं म्हणून सगळं आकड्यांसकट लिहितोय.

मी बडोद्यातल्या दांडिया बाजारचा. २०२४ मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठातून बी.कॉम. झालो. गेमची ओढ शाळेपासूनची. घरच्या लॅपटॉपवर मोठे गेम चालायचे नाहीत, म्हणून मी वहीच्या मागच्या पानांवर लेव्हल्स आखायचो: इथे खड्डा, इथे शत्रू, इथे लपवलेली किल्ली. पण ते प्रत्यक्षात कसं करतात, सुरुवात कुठून करायची, हे सांगणारं ओळखीत कोणी नव्हतं. अशातच इन्स्टाग्रामवर जाहिरात आली. सहा महिन्यांत गेम डेव्हलपर, शंभर टक्के जॉब गॅरंटी, आठ लाखांचं पॅकेज, आणि प्रवेश परीक्षेत चांगले मार्क पडले तर निम्मी फी माफ.

परीक्षा ऑनलाइन होती, वीस प्रश्नांची. मला अठरा मिळाले. त्याच संध्याकाळी फोन आला, "पन्नास टक्के स्कॉलरशिप लागलीय, पण सीट उद्यापर्यंतच धरून ठेवू शकतो. वडिलांना घेऊन या." वडिलांना का, हा प्रश्न तेव्हा मनात आला नाही.

दुसऱ्या दिवशी बाबा मकरपुरा जीआयडीसीतल्या (औद्योगिक वसाहतीतल्या) कंपनीतून अर्धी रजा टाकून आले. काचेचं ऑफिस, भिंतीवर गेमची पोस्टर्स. आमचं आडनाव ऐकल्यावर मॅडम मराठीत बोलायला लागल्या. बडोद्यात ऑफिसात दिवसभर गुजराती किंवा हिंदी, तिथे समोरून मराठी ऐकू आलं की बाबा लगेच सैलावतात. "काका, मुलगा हुशार आहे हो तुमचा. कॉमर्सला घालून वाया घालवलात." मग त्यांनी पुण्याच्या एका स्टुडिओने केलेल्या ‘राजी’ या गेमचा व्हिडिओ लावला. तो गेम २०२० साली आला, भारतीय पुराणकथांवर आहे आणि जगभर विकला गेला. यातलं काहीच खोटं नव्हतं. फक्त त्या गेमचा आणि त्या क्लासचा काडीचा संबंध नव्हता.

फी एक लाख ऐंशी हजार, स्कॉलरशिप वजा जाता नव्वद हजार. बाबा म्हणाले, एकदम नाही जमणार. मॅडम म्हणाल्या, "एकदम कोण मागतंय काका? महिन्याला ५,६०० द्या." चहा आला. बाबांचं आधार, पॅन, पासबुक मागितलं, टॅबवर फोटो काढला. नंतर बाबांच्या मोबाइलवर एकामागून एक तीन ओटीपी आले. तिन्ही वेळा मॅडम म्हणाल्या, "व्हेरिफिकेशनचा आहे काका, सांगा." बाबांनी सांगितले, मी शेजारी बसून ऐकत होतो. पहिला आधारचा होता. दुसऱ्याने कर्जाच्या करारावर सही झाली. तिसऱ्याने बँकेला दर महिन्याला खात्यातून आपोआप पैसे कापायची परवानगी गेली.

म्हणजे फीचे हप्ते असं काही नव्हतंच. एका फायनान्स कंपनीने बाबांच्या नावावर नव्वद हजारांचं कर्ज दिलं, ते पैसे सरळ क्लासच्या खात्यात टाकले, आणि आम्ही अठरा महिन्यांत १,००,८०० फेडायचे. क्लास उद्या बंद पडला, सर पळून गेले, मी शिकायचं सोडलं, तरी कर्ज जागच्या जागी. सगळ्यांनी आधी लक्षात घ्यावी ती ही गोष्ट. हप्ता क्लासला जातोय की कर्जाला, एवढा एकच प्रश्न बाबांनी किंवा मी विचारला असता तर आज हे लिहावं लागलं नसतं.

त्याच दिवशी संध्याकाळी बाबांच्या ईमेलवर एक पीडीएफ आली होती. बाबा ईमेल उघडत नाहीत, मी पाहिली ती पाच महिन्यांनी. रिझर्व्ह बँकेच्या डिजिटल कर्जाच्या नियमांप्रमाणे कंपनीला कर्जाची सगळी माहिती एका तक्त्यात द्यावी लागते: खरा वार्षिक व्याजदर, एकूण परतफेड, तक्रार कुठे करायची. आणि त्यात ‘कूलिंग ऑफ’ म्हणून मुदत असते. त्या मुदतीत मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचं व्याज परत केलं तर दंडाशिवाय कर्जातून बाहेर पडता येतं. आमच्या कागदावर तीन दिवस लिहिले होते. ते तीन दिवस आम्ही पेढे वाटण्यात घालवले.

शिकवण्याबद्दल लिहावं असं फार नाही. बॅचमध्ये बावीस जण. सर पंधरा दिवस आले, चांगले होते, मग नोकरी सोडून गेले. पुढे रेकॉर्ड केलेले व्हिडिओ, आणि शंका विचारायची तर व्हॉट्सॲप ग्रुप. फीच्या पावतीत ‘सॉफ्टवेअर लायसन्स’ म्हणून अठरा हजार लावले होते. कॉम्प्युटरवर होती युनिटी पर्सनल, म्हणजे युनिटी या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरची ती आवृत्ती, जी नवशिक्याला फुकटच मिळते.

सप्टेंबरमध्ये ‘ॲडव्हान्स्ड थ्रीडी प्रोजेक्ट’ सुरू झाला. ताटासारखं एक मैदान, चारही बाजूंना भिंती, मधे एक चेंडू. मैदानात गोलाकार मांडलेले बारा लाडू जागच्या जागी फिरतायत. चेंडू बाणांच्या बटणांनी पळवायचा, लाडवाला लागला की लाडू गायब, वर आकडा वाढतो. बारा झाले की ‘यू विन’. मी त्यावर महिनाभर बसलो. लाडवांवर बुंदी दिसावी म्हणून रंग किती वेळा बदलले असतील! आईला खेळायला दिला, तिने बाराही गोळा केले तेव्हा टाळी वाजवली.

मग ऑफिसातून सांगितलं, गेम इतका चांगला झालाय तर प्ले स्टोअरवर टाकू या. ‘पब्लिशिंग पॅकेज’ पंधरा हजार, त्यात कॉपीराइट सर्टिफिकेट. आईने भिशीचे पैसे दिले.

दिवाळीत पुण्याहून ताई आली, माझी मावसबहीण. ती एका गेम स्टुडिओत टेस्टर आहे. एकच दरवाजा धावत, उडी मारत, पाठमोरं होऊन चाळीस वेळा उघडून कुठे अडकतो ते लिहून काढायचं, असं तिचं काम. मी कौतुकाने लॅपटॉप तिच्यापुढे ठेवला. तिने चेंडू दोनदा फिरवला आणि थांबली. "हे लाडू आधी पिवळे चौकोनी ठोकळे होते का रे?"

होते. क्लासच्या फाइलमध्ये पिवळे ठोकळेच होते, लाडू मी केले.

ताईने युनिटीची स्वतःची शिकवायची साइट उघडली. तिथे ‘रोल अ बॉल’ नावाचा धडा आहे, अगदी पहिल्यांदा शिकणाऱ्यांसाठी, पूर्ण फुकट. तेच मैदान, त्याच भिंती, तेच बारा पिवळे ठोकळे, शेवटी तेच ‘यू विन’. मी माझी स्क्रिप्ट, म्हणजे चेंडू चालवणारा कोड, शेजारी उघडली. फाइलचं नाव तेच, ठोकळ्यांना लावलेला ‘पिक अप’ टॅगही तोच. महिन्याभराचं माझं ‘ॲडव्हान्स्ड’ काम कोणीही घरबसल्या एका सुट्टीच्या दिवशी करू शकतं. ताई रागावली नाही. म्हणाली, "धडा चांगलाच आहे, आम्ही सगळे त्यावरच शिकलो. पण याचे पैसे कोणी घेतले?"

पुढचा तासभर तिने जे सांगितलं ते आधी कळलं असतं तर कर्ज झालं नसतं. युनिटीची फुकट आवृत्ती वर्षाचं उत्पन्न दोन लाख डॉलरच्या आत असेपर्यंत चालते. अनरियल हे गेम बनवायचं दुसरं सॉफ्टवेअर, ते एका गेमची कमाई दहा लाख डॉलरच्या वर जाईपर्यंत काही मागत नाही, मग वरच्या रकमेवर पाच टक्के. तिसरं गोडो, ते तर मुक्त सॉफ्टवेअर आहे, त्याला कधीच पैसे पडत नाहीत, आणि ते इन्स्टॉलही करावं लागत नाही, पेन ड्राइव्हवरून चालतं. थ्रीडी मॉडेल करायला ब्लेंडर, तेही फुकट. पहिला गेम लोकांना खेळायला द्यायचा तर इच डॉट आयओ या साइटवर टाकायला एक पैसा लागत नाही. स्टीम या कॉम्प्युटर गेमच्या ऑनलाइन दुकानात एका गेमचे शंभर डॉलर. गूगल प्लेचं डेव्हलपर खातं एकदाच पंचवीस डॉलर, म्हणजे तेव्हाचे सुमारे २,१०० रुपये, आणि त्या खात्यावर पुढे कितीही गेम टाका.

माझ्याकडून पंधरा हजार घेतले होते, आणि ताईने प्ले स्टोअरवर शोधून दाखवलं तर गेम क्लासच्या खात्यावर होता. माझं नाव कुठेच नाही. दुसऱ्या दिवशी विचारायला गेलो तर उत्तर मिळालं, नव्या माणसाला गूगल खातं देत नाही, वीस टेस्टर लागतात. यात अर्धं खरं होतं. नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्यांना गेम आधी ठरावीक लोकांकडून सलग चौदा दिवस तपासून घ्यावा लागतो. तेव्हा वीस जण लागायचे, आता बारा पुरतात. पण आमच्या बॅचमध्येच बावीस जण होते! एकमेकांचे गेम आम्हीच तपासले असते. आणि कॉपीराइट आपल्याकडे कलाकृती निर्माण केल्याक्षणी करणाऱ्याचा होतो, नोंदणी सक्तीची नाही. जे सर्टिफिकेट मला दिलं त्यावर क्लासचाच शिक्का होता.

आता जॉब गॅरंटी. क्लासच्या कराराच्या चौथ्या पानावर ‘गॅरंटी’ हा शब्दच नव्हता, ‘प्लेसमेंट असिस्टन्स’ होतं. डिसेंबरात दोन इंटरव्ह्यू झाले, दोन्ही कॉल सेंटरचे. जानेवारीत त्यांनी स्वतःच बोलावलं. "आमच्याकडेच जॉइन हो. बारा हजार, प्लस इन्सेन्टिव्ह." काम काय, तर काउन्सेलिंग. मॅडमच्या शेजारच्या खुर्चीत बसायचं.

मी दोन दिवस गेलो. खोटं कशाला बोलू, घरात हप्ते चालू होते आणि बारा हजार मोठे वाटले. पहिल्या दिवशी फोनवर काय बोलायचं त्याचा लॅमिनेट केलेला कागद हातात दिला. ‘सीट उद्यापर्यंतच आहे असे सांगा.’ ‘आडनावावरून भाषा बदला.’ ‘निर्णय घेणाऱ्या पालकाला पहिल्याच भेटीत बोलवा.’ ‘घरी विचार करतो म्हणाले तर मॅनेजरला बोलवा.’ आणि परीक्षेची एक्सेल शीट. त्यात नावं होती, गुण होते. कोणाला सात, कोणाला एकोणीस. शेवटच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत सगळ्यांना पन्नास टक्के.

दुसऱ्या दिवशी दुपारी एक काका मुलीला घेऊन आले. पायांत साध्या चपला, हातात प्लास्टिकच्या पिशवीत कागदपत्रं. बाबांनी अगदी अशीच पिशवी आणली होती. मॅडमनी मला चहा सांगायला पाठवलं. मी जिन्यात थांबलो, आणि ते दोघं पाण्यासाठी बाहेर आले तेव्हा एवढंच म्हणालो, "काका, आज ओटीपी देऊ नका. कागद घरी न्या." ते माझ्याकडे बघत राहिले. मी तसाच खाली उतरलो, परत गेलो नाही. त्यांनी काय केलं ते मला माहीत नाही, आणि ते मनातून जात नाही.

हप्ते बंद करावेत असं घरात सगळ्यांनाच वाटलं होतं. पण कर्ज बाबांचं आहे. हप्ता चुकला तर सिबिल त्यांचं खराब होणार, म्हणून भरतोय. ज्यांचं असं झालंय त्यांनी रागाच्या भरात बँकेची परवानगी रद्द करण्याआधी हे डोक्यात ठेवा. तक्रारीचे रस्ते दोन आहेत आणि दोन्ही वेगळे. क्लासविरुद्ध १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर, आणि जिल्हा ग्राहक आयोगात. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही, घटनेपासून दोन वर्षांत जावं लागतं, ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या अर्ज होतो, आणि आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येतो. कर्जाबद्दल आधी फायनान्स कंपनीला लेखी कळवायचं. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. त्यांचा नंबर १४४४८.

माझ्याजवळ जाहिरातीचा स्क्रीनशॉट होता, ‘शंभर टक्के जॉब गॅरंटी’ स्पष्ट दिसणारा, आणि पावत्या. तेवढ्यावर वकिलांनी केस उभी केली. बॅचमधले बरेच जण यायला तयार होते, पण जाहिरात कोणी जपून ठेवली नव्हती आणि तोवर ती काढून टाकलेली होती. १९१५ वर तक्रार गेल्यावर आठवड्यात क्लासचा फोन आला: दहा हजार घ्या, मागे घ्या. बाबांनी फोन माझ्या हातून घेतला आणि "नाही" म्हणून ठेवून दिला.

रात्री मी गोडोवर शिकतोय. उत्तरायणचा छोटा पतंगाचा गेम केलाय. मांजा काढायलाच तीन आठवडे गेले, कारण पतंगाला ढील दिली की रेघ वाकायला हवी आणि माझी काठीसारखी ताठ राहायची. ताईने खेळून अकरा चुका लिहून पाठवल्या. ती म्हणते, मुलाखतीला सर्टिफिकेट कोणी बघत नाही, खेळून बघता येईल असं काही आणलंय का ते विचारतात. त्यातल्या आठ चुका दुरुस्त झाल्यात.

तीन हप्ते राहिलेत. आयोगात पुढची तारीख नोव्हेंबरात आहे. बाबांनी त्या दिवसाची रजा आत्ताच टाकून ठेवलीय, या वेळी पूर्ण दिवसाची.